उडी हेच हत्यार : मारिओच्या एका हल्ल्याचा इतिहास

नव्वदच्या दशकात नांदेड-लातूरकडच्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, तो बहुतेक वेळा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची नक्कल असे. खोक्यावर नाव भलतेच असायचे. अँटेनाच्या जागी वायर खोचायची, चॅनेल जुळवायचे आणि कॅसेट चालली नाही की काढून तिला फुंकर मारायची, एवढे शास्त्र आम्हा पोरांना पाठ होते. कॅसेटवरच्या लांबलचक यादीत मारिओ पाच-सहा वेळा यायचा आणि आम्ही तिलाच मालिका समजत होतो. प्रत्यक्षात खेळ एकच होता, १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. दरवेळी तो वेगळ्या टप्प्यापासून सुरू व्हायचा, इतकेच. खरी मालिका तोवर बरीच पुढे निघून गेली होती. आमच्या वाट्याला आला तो तिचा एक तुकडा, आणि त्यातला एकच हल्ला : शत्रूच्या डोक्यावर उडी.

हा हल्ला इतका स्वाभाविक वाटतो की त्यालाही इतिहास असेल, असे मनात येत नाही. पुढे मालिकेतले खेळ क्रमाने पाहिले, तेव्हा लक्षात आले की मुळात मारिओची उडी मारण्यासाठी नव्हतीच. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये हा गडी पहिल्यांदा दिसला. तिथे उडी होती ती गडगडत येणारी पिंपे चुकवण्यासाठी. पिंप फोडायचे तर हातोडा मिळावा लागे, आणि हातोडा हाती असेपर्यंत त्याला उडी मारता येत नसे. हल्ला आणि उडी ही दोन वेगळी खाती होती. १९८३च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये कासवे आली, पण त्यांच्यावर उडी टाकली तर मारिओच मरायचा. खालच्या मजल्यावरून छताला धडक द्यायची, वरचे कासव उताणे पाडायचे, मग वर जाऊन त्याला लाथ घालायची, असा तो द्राविडी प्राणायाम होता.

१९८५ साली शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन खाती एक केली. ज्या उडीने खड्डा ओलांडायचा, तिनेच शत्रू चिरडायचा. या खेळाचा प्रोग्रॅम अभ्यासकांनी उलगडून ठेवला आहे. त्यात साध्या शत्रूंच्या बाबतीत मुख्य कसोटी अशी की स्पर्श झाला त्या क्षणी मारिओ खाली येत आहे का? येत असेल तर शत्रू मेला. नसेल तर मारिओला इजा. म्हणजे ज्याला आम्ही उडीचा हल्ला म्हणत होतो, तो खरे तर पडण्याचा हल्ला होता. वर जाणारा मारिओ निरुपद्रवी. जमिनीकडे येणारा तेवढा घातक.

हे खेळणाऱ्याला शिकवायचे कसे? सूचनांचे पुस्तक आमच्या नकली यंत्रांसोबत कधी आले नाही आणि त्याची गरजही पडली नाही. सुरुवातीला मुख्य शत्रू म्हणून कासवच होते. पण त्याच्या डोक्यावर उडी मारायची आणि मग कवच लाथाडायचे, हे नवख्याला अवघड जाईल असे निर्मात्यांना वाटले. म्हणून काम संपत आले असताना एक सोपा शत्रू घातला, तपकिरी ‘गुंबा’. आम्ही त्याला मशरूमच म्हणायचो. सगळा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला. जागा उरली नव्हती. म्हणून गुंबाचे एकच चित्र डावी-उजवीकडे आलटून पालटून दाखवले आणि तो चालतो आहे असा भास निर्माण केला. पहिल्याच टप्प्यावर समोरून येणारा हा गुंबा आमचा पहिला मास्तर.

शिकवणीची पुढची पायरी गुणांची. जमिनीला पाय न लावता एकामागून एक शत्रू चिरडले की १००, २००, ४००, ५०० असे गुण चढत जात आणि अखेरीस एक ‘लाइफ’ मिळे. शिवाय या हल्ल्याला मर्यादाही होत्या. चौथ्या जगात ढगावरून काटेरी प्राणी पडू लागले. त्यांच्यावर उडी म्हणजे मरण. शेवटच्या बाऊजरवरही तिचा उपयोग नव्हता. त्याला ओलांडून पुलाच्या टोकाची कुऱ्हाड गाठावी लागे.

पुढच्या खेळांनी याच मर्यादा एकेक करून तपासल्या. १९८८ साली अमेरिकेत आलेल्या दुसऱ्या भागात डोक्यावर उतरले तरी शत्रू मरत नाही. मारिओ त्याच्यावर उभा राहतो, त्याला उचलतो आणि फेकतो. कारण तो भाग मुळात ‘डोकी डोकी पॅनिक’ या दुसऱ्याच खेळावरून बेतलेला होता. १९९०च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये गिरकीची उडी आली आणि काटेरी प्राण्यांवरूनही उसळी घेता येऊ लागली. १९९६च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये जग त्रिमितीय झाले आणि नेमके डोक्यावर उतरणेच अवघड होऊन बसले. म्हणून मारिओच्या पायाखाली सावली आली, ठोसा आला, हवेतून सरळ खाली आदळण्याची युक्तीही आली. २०१७च्या ‘ओडिसी’त तो टोपी फेकून शत्रूच्या अंगात शिरतो.

यातले आमच्याकडे काही पोचले नव्हते. आम्ही वर्षानुवर्षे तोच गुंबा चिरडत होतो. खेळ जतन करून ठेवायची सोय नव्हती. भारनियमनाची वेळ झाली की टीव्ही बंद आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. ‘उड्या मारून पोट भरणार आहे का?’ हा घरच्यांचा प्रश्न असायचाच. ज्यांच्या कल्पनेवर आमच्या सुट्ट्या गेल्या, त्यांची नावेही आम्हाला ठाऊक नव्हती. त्या खेळात श्रेयनामावलीच नाही. शेवटपर्यंत पोचलो असतो तरी ती कळली नसती. पुढे ती यंत्रे माळ्यावर गेली आणि तिथून भंगारात.

अलीकडे लातूरला बहिणीकडे गेलो असताना भाचा मोबाइलवर ‘सुपर मारिओ रन’ खेळत होता. हा २०१६चा खेळ; त्यात मारिओ स्वतःच धावतो. समोरून गुंबा आला. माझा अंगठा सवयीने हलला. पण मारिओ हात टेकवून त्याच्यावरून अलगद पलीकडे गेला आणि गुंबा आपल्या वाटेने चालत राहिला.

‘अरे, तू त्याला मारलं का नाहीस?’ मी विचारले.

‘मामा, तो आपोआप ओलांडतो,’ भाचा म्हणाला. ‘मारायचंच असेल तर बोट लावावं लागतं.’

१९८१ साली पिंपावरून झालेली उडी अशीच होती, हे मी त्याला सांगणार होतो. पण तोवर त्याचा टप्पा संपला होता आणि त्याने मोबाइल माझ्या हातात दिला होता.