मणी वितळवून घडवलेला मणी

मापुन्गुब्वे म्हटलं की सोन्याचा गेंडा आठवतो. दक्षिण आफ्रिकेत, लिंपोपो आणि शाशे नद्यांच्या संगमाजवळच्या त्या टेकडीवर तो १९३०च्या दशकात उजेडात आला आणि फोटो त्याचेच छापले जातात. मला विचाराल, तर मी आधी एक निळसर हिरवा काचमणी दाखवेन. टेकडीपासून किलोमीटरभरावर ‘के-टू’ नावाची तिच्याही आधीची वस्ती होती, साधारण इ.स. १००० ते १२२० या काळातली. हा मणी तिथला.

बुटका, जाडजूड, क्रिकेटच्या मैदानावर फिरवतात त्या रोलरसारखा. म्हणून अभ्यासकांनी त्याचं नावही ‘गार्डन रोलर’ ठेवलं.

काच मात्र तिथली नव्हे. वस्तीतून हस्तिदंत समुद्राकडे जाई आणि त्याच वाटेने मणी येत. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावर. येणारे मणी अगदी बारीक, मोहरी-ज्वारीच्या दाण्यांसारखे. तापलेल्या काचेची लांब पोकळ नळी ओढायची आणि तिचे तुकडे पाडायचे, ही आपल्याकडची रीत. काचेतल्या सोडा-ॲल्युमिनाच्या प्रमाणावरून तिचं मूळ दक्षिण आशियात असल्याचं कळतं. (पुढे १५व्या शतकापासून तिकडे गेलेल्या बऱ्याच मण्यांची काच रेवदंड्याशेजारच्या चौलला सापडलेल्या काचेशी जुळते.)

इतक्या लांबून आलेले मणी गळ्यात घालून के-टूची माणसं गप्प बसली नाहीत. त्यांना मोठा मणी हवा होता आणि तसा कुणी पाठवत नव्हतं. मग त्यांनी विकत घेतलेले बारीक मणीच वितळवले. चिकणमातीचा साचा केला, त्यात मऊ काचेला आकार दिला आणि निवल्यावर साचा फोडून मणी मोकळा केला. एका मण्यापायी किती बारीक मणी खर्ची पडले असतील! लांबच्या व्यापाऱ्याकडून आलेला तयार माल कच्चा माल म्हणून वापरायचा, ही हिंमत मला त्या गेंड्याहून मोलाची वाटते.

१९३५ ते १९४० दरम्यान कॅप्टन गाय गार्डनर यांनी के-टू खणलं. तिथे शेणाराखेचे आणि हाडांचे थर होते, हस्तिदंताच्या कामाच्या खुणा होत्या. हे मणी तिथेच घडले याचा पुरावा मात्र साध्या भाजल्या मातीचा आहे. साचा एकदाच वापरता येई. मणी काढून घेतल्यावर उरलेली खापरं त्यांनी टाकून दिली, ती तशीच मिळाली.