जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री : घर सांभाळून करता येणारा जोडधंदा

चवथीपूर्वी घर झाडून-पुसून लख्ख करण्याची रीत गोव्यात घरोघरी आहे. या साफसफाईत माळ्यावरून, पडवीतून आणि पलंगाखालून कितीतरी वस्तू बाहेर येतात. वापरात नसलेले घंगाळ, लांब हातांची आरामखुर्ची, मुलांना लहान पडू लागलेली सायकल, बंद पडलेला कॅमेरा, चिनी मातीच्या बरण्या. पूर्वी यांतील धातूची भांडी मोडीत जात आणि उरलेले भंगारवाल्याच्या गाडीवर चढे. आज त्याच वस्तूंची छायाचित्रे मोबाइलवरून काही मिनिटांत शेकडो ग्राहकांसमोर जातात. काही कुटुंबे त्याही पुढे जाऊन बाजारातून जुन्या वस्तू हेरतात, त्या स्वच्छ व दुरुस्त करतात आणि पुन्हा विकतात.

भांडवल थोडे, दुकानाचे भाडे नाही, वेळ आपल्या सोयीचा, म्हणून गृहिणी, निवृत्त कर्मचारी आणि नोकरदार दांपत्ये या जोडधंद्याकडे वळतात. मात्र दुकान नसते याचा दुसरा अर्थ असा की घरच दुकान बनते. घराची जागा, घरच्यांचा वेळ आणि घरच्यांची संमती या तिन्ही गोष्टी हिशेबात धरल्या, तरच हा व्यवसाय खऱ्या अर्थाने किफायतशीर ठरतो.

जुनी रीत, नवे माध्यम

वापरलेल्या वस्तूंचा व्यापार आपल्या समाजाला नवा नाही. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, मोडीच्या वजनावर नवे भांडे देणारा तांबट, पुण्याचा जुना बाजार ही त्याची परिचित रूपे. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध आहे. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजाराचा उगम तर याच व्यवहारात आहे. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर राहिलेल्या हिप्पींनी मुक्काम वाढवण्यासाठी आपल्याजवळच्या वस्तू तेथे विकण्यास व अदलाबदल करण्यास प्रारंभ केला.

इंटरनेटवर या व्यापाराला १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबेने जागतिक रूप दिले. २००४ मध्ये ईबेने ‘बाझी डॉट कॉम’ ही कंपनी विकत घेऊन भारतात प्रवेश केला; २०१८ मध्ये तिचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. २००६ साली स्थापन झालेले ओएलएक्स आणि २०१६ मध्ये आरंभलेले फेसबुक मार्केटप्लेस यांनी ‘जाहिरात द्या, प्रत्यक्ष भेटा, वस्तू द्या’ ही पद्धत रूढ केली. त्यांच्या जोडीला आता इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप गट आहेत.

काय खपते, काय पडून राहते

टिकाऊ, दुरुस्त होण्याजोग्या आणि सहज ओळखता येणाऱ्या वस्तूंना गिऱ्हाईक लवकर मिळते. सागवान व शिसवीचे फर्निचर, पितळी समया, हंडे, घंगाळे, शिवणयंत्रे, लहान मुलांच्या सायकली व पाळणे, शालेय पुस्तके, वाद्ये आणि चालू स्थितीतील विजेची उपकरणे या गटात मोडतात. उलट भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट, अपुरे सेट, खूप जुने संगणक आणि सुटे भाग न मिळणारी उपकरणे जागा अडवून बसतात.

खरेदीपूर्वी कोकणच्या हवेचा विचार अवश्य करावा. पावसाळ्यातील दमटपणामुळे कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी धरते, पुस्तकांना ठिपके पडतात आणि लाकडात वाळवी किंवा भुंगे असण्याची शक्यता असते. भुशाची बारीक रास अथवा टोकले असता पोकळ आवाज आढळल्यास ती वस्तू घरात आणू नये. एका किडक्या खुर्चीमुळे घरातील चांगले फर्निचर धोक्यात येते.

किंमत ठरवताना इतर विक्रेत्यांनी मागितलेली रक्कम हा पुरेसा आधार नव्हे. ती केवळ अपेक्षा असते. तशी वस्तू प्रत्यक्षात किती रकमेस गेली आणि जाहिरात किती दिवस राहिली, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

नफ्याचा खरा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक पितळी घंगाळ १,२०० रुपयांना घेतले आणि २,५०० रुपयांना विकले. वरवर पाहता नफा १,३०० रुपये. परंतु चिंच, पावडर व कल्हई-दुरुस्तीचे १००, खोका व वेष्टनाचे १५० आणि पार्सलचे ३५० रुपये वजा केल्यावर हाती ७०० रुपये उरतात. बाजारात जाणे, घासणे, छायाचित्रे काढणे, चौकशांना उत्तरे देणे आणि पार्सल पोचवणे यांत पाच तास गेले असतील, तर तासाला १४० रुपये पडले. हे तास रविवारच्या दुपारचे असतील, तर त्यांचे मोल प्रत्येक कुटुंबाने स्वतः ठरवावे.

पार्सलच्या खर्चात आणखी एक गोम असते. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागण्याची पद्धत सर्रास आढळते. ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात दोन किलोची वस्तू असली, तरी आकार ७.२ किलोचा होऊ शकतो. म्हणून मोठ्या व हलक्या वस्तू स्थानिक ग्राहकालाच विकाव्यात. लहान, जड आणि न फुटणाऱ्या वस्तू दूर पाठवण्यास योग्य.

प्रत्येक वस्तूची खरेदी किंमत, तारीख, खर्च, लागलेले तास आणि विक्री किंमत एका वहीत नोंदवावी. सहा महिन्यांच्या नोंदींवरून कोणता माल परवडतो आणि कोणता केवळ हौस भागवतो, हे आपोआप स्पष्ट होते.

वर्णन व छायाचित्रे

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर आणि सर्व बाजूंनी घ्यावीत. तडा, पोचा, गंज, बदललेला भाग यांचे स्वतंत्र छायाचित्र द्यावे. दोष आधी सांगितल्याने किंमत थोडी उतरते, पण परत आलेले पार्सल आणि वादविवाद टळतात. मोजमाप, वजन आणि वस्तू चालू आहे की बंद, हे स्पष्ट लिहावे. घराचा क्रमांक, मुलांचे चेहरे, गाडीची नंबरप्लेट किंवा घरातील मौल्यवान वस्तू छायाचित्रात येणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

कायद्याच्या मर्यादा

जुने ते सर्व विकण्यास मोकळे, हा समज चुकीचा आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी नाणी, शिल्पे, चित्रे आणि कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो, शिल्पे व चित्रांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. त्यामुळे भाव वाढावा म्हणून जाहिरातीत ‘दीडशे वर्षांपूर्वीचे’ असे लिहिणे दोन्ही बाजूंनी अंगलट येते. ते खोटे असल्यास ग्राहकाची फसवणूक होते आणि खरे असल्यास हा कायदा लागू होतो.

वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. हस्तिदंत, वाघनखे, कासवाच्या पाठीच्या वस्तू, संरक्षित प्रवाळ व शंख यांचा व्यापार करता येत नाही. जुन्या घरांच्या भिंतींवर गव्याची वा सांबराची शिंगे दिसतात. त्यांचा मालकीचा दाखला असला, तरी ती विकता येत नाहीत.

चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून विक्रेत्याचे नाव, संपर्क व शक्य असल्यास मूळ पावती जपून ठेवावी. वापरलेला मोबाइल घेण्यापूर्वी *#०६# दाबून त्याचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासावा. आपला मोबाइल विकताना सर्व खात्यांतून बाहेर पडून त्यातील माहिती पूर्णपणे पुसावी.

कराच्या दृष्टीने दोन प्रकार वेगळे आहेत. स्वतःच्या वापरातील कपडे, भांडी किंवा फर्निचर विकणे हा सामान्यतः भांडवली नफ्याचा विषय होत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे व कलाकृती यांना ही सवलत नाही. पुनर्विक्रीच्या हेतूने नियमित खरेदी केल्यास मिळणारा नफा व्यवसायाचे उत्पन्न ठरतो आणि तो विवरणपत्रात दाखवावा लागतो. गोव्यात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण उलाढाल मर्यादा ४० लाख रुपये आहे. परंतु परराज्यात माल विकण्यास वेगळे नियम लागू होतात, म्हणून कोल्हापूर वा पुण्याचे ग्राहक जोडण्यापूर्वी कर सल्लागाराचे मत घ्यावे. नोंदणीकृत विक्रेत्याला वापरलेल्या वस्तूंवर, ठरावीक अटी पाळल्यास, खरेदी व विक्री किमतींतील फरकावरच कर भरण्याची सोय आहे.

फसवणुकीपासून सावधान

सर्वांत परिचित फसवणूक पैसे ‘देण्याच्या’ बहाण्याने होते. ग्राहक घासाघीस न करता किंमत मान्य करतो, आपण लष्करात असल्याचे सांगतो आणि क्यूआर संकेत पाठवून तो स्कॅन करण्यास सांगतो. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे आल्याची खात्री बँकेच्या खात्यातच करावी, समोरच्याने दाखवलेल्या चित्रावर विसंबू नये. फसवणूक झाल्यास १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

जुन्या नाण्यांना व नोटांना लाखो रुपये मिळवून देण्याचे आमिषही असेच फसवे. आपण असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले होते.

घराच्या अटी

या व्यवसायातील सर्वांत अवघड प्रश्न बाजारात नव्हे, घरात उभे राहतात. आजीची समई कोणाला नकोशी वाटते, तर कोणाला तीच आजीची शेवटची खूण असते. गोव्यात हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. येथील समान नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास, पती-पत्नीच्या मालमत्तेवर दोघांचा समान हक्क असतो. वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित घरातील वस्तूंवर मुंबईत वा आखातात राहणाऱ्या भावंडांचाही वाटा असतो. म्हणून पिढीजात वस्तू विक्रीस काढण्यापूर्वी सर्वांना छायाचित्र पाठवून लेखी होकार घ्यावा. चार हजारांच्या खुर्चीसाठी आयुष्यभराचा अबोला कोणालाही परवडत नाही.

देवघरातील वस्तू, चवथीचा पाट, माहेरहून आलेली भांडी यांपैकी काय विकायचे नाही, याची यादी आधीच करावी. मुलांची खेळणी व पुस्तके त्यांना विचारूनच काढावीत. छायाचित्रे काढणे, मोजमाप घेणे, वहीत नोंद करणे ही कामे मुले आनंदाने करतात आणि त्यातून त्यांना वस्तूची किंमत व दुरुस्तीचे महत्त्व कळते. त्यांच्या जुन्या सायकलीचे पैसे त्यांच्याच नावे जमा केल्यास सहभाग अधिक खरा होतो. अनोळखी ग्राहकांशी बोलण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे आणि शक्यतो वस्तूची देवघेव वर्दळीच्या सार्वजनिक ठिकाणी करावी.

जागेची मर्यादा निश्चित असावी : एक कपाट किंवा एक कोपरा. तो भरला की नवी खरेदी बंद. तीन महिन्यांत न गेलेल्या वस्तूची किंमत उतरवावी, त्यानंतरही न गेल्यास ती गरजूला द्यावी. ग्राहकांच्या संदेशांना उत्तरे देण्यासाठी दिवसातील एक तास ठरवावा आणि जेवणाच्या वेळी मोबाइल दूर ठेवावा. म्हापशाच्या बाजारात सर्वांनी मिळून घालवलेली सकाळ ही कुटुंबाची सहल असते. त्याच मालावर रात्री अकरापर्यंत चाललेली घासाघीस ही कुटुंबाची नसते.

प्रारंभ करू इच्छिणाऱ्यांनी बाहेरून काहीही न घेता घरातील दहा नको असलेल्या वस्तू आधी विकून पाहाव्यात. त्यात भांडवल अडकत नाही आणि छायाचित्रणापासून पार्सलपर्यंत सर्व टप्प्यांचा अनुभव मिळतो. मुख्य म्हणजे, घर काहीसे मोकळे होते. पुढे जायचे की नाही, हा निर्णय त्या दहा वस्तूंचा हिशेब समोर ठेवून सर्वांनी एकत्र बसून घ्यावा.