बाळंतिणीच्या दारीं

ज्युबिलीच्या निमित्तानें देवळांतील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या चाळण्याचा प्रसंग आला. प्रत्येक नोंदींत बालकाचें नांव, जन्मतिथि, आईबापांचीं नांवें, धर्मपिता व धर्ममाता हें सारें नीट लिहिलेलें आहे. त्या दिवशीं आईचें मन कसें होतें, हें कोठेंच नाहीं. नोंदवहींत तसा रकाना नसतो, हें खरेंच. परंतु वैद्यांच्या, सरकारच्या आणि परोपकारी मंडळींच्या वह्यांतहि तो रकाना फार उशिरां आला. तो कसा आला, हें आपल्या वाचकांस, विशेषतः घरोघरच्या सासवांस व पतींस, कळावें म्हणून हा लेख.

बाळंतपणांत मन ढळतें ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. आपल्याकडे तिला कोणी वात म्हटलें, कोणी बाहेरची बाधा. पॅरिस येथें 1858 सालीं लुई-व्हिक्टर मार्से या वैद्यानें गर्भवती, बाळंतिणी व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्या उन्मादावर एक मोठा ग्रंथच लिहिला. पण त्यांत विचार मुख्यतः तीव्र वेडाचा होता. जी स्त्री चूल सांभाळते, मुलाला पाजते, आणि रात्रीं भिंतीकडे तोंड करून रडते, तिच्यासाठीं त्या काळीं शास्त्रांत जागा नव्हती.

याच सुमारास इंग्लंडांत कोणीतरी बाळंतिणीच्या दारावर थाप मारूं लागलें होतें. मँचेस्टर व सॅलफर्ड हीं कापडगिरण्यांचीं शहरें. तेथील गरीब वस्त्यांत तान्हीं मुलें फार दगावत. 1862 सालीं तेथील स्त्रियांच्या एका आरोग्यसुधारणा मंडळानें कष्टकरी वर्गांतीलच एक भली बाई पगार देऊन नेमली. तिनें घरोघर जावें, स्वच्छता शिकवावी, मुलाची निगा कशी राखावी तें सांगावें. पुढें 1892 सालीं बकिंगहॅमशायर परगण्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुढाकारानें अशा स्त्रियांना शिक्षण देण्यास आरंभ झाला. 1907 च्या कायद्यानें, जीं शहरें तो स्वीकारतील तेथें, जन्माची वर्दी 36 तासांच्या आंत देणें आवश्यक झालें. हेतु हा कीं, भेट देणारी बाई वेळेवर पोहोंचावी. व्यवस्था उत्तम होती. पण ती बाई पाहात असे तें दूध, पाणी, पाळणा आणि मूल. आईला ती शिकवीत असे. तिचें ऐकून घेणें हें तिचें काम मानलें गेलें नव्हतें.

1968 सालीं लंडनच्या ब्राइस पिट या मानसवैद्यानें बाळंतिणींची पाहणी केली, तेव्हां शेंकडा सुमारें 11 स्त्रिया प्रसूतीनंतर खिन्नतेच्या आजारानें ग्रस्त आढळल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं येणारें रडूं पुष्कळ जणींस येतें व आपोआप जातें. ही खिन्नता तशी नव्हे, ती आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसते. 1987 सालीं एडिंबरोंत जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन व रूथ सगोव्स्की यांनीं दहा साध्या प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला थकवा असणारच, म्हणून शरीराच्या थकव्याचा प्रश्न त्यांनीं मुद्दामच घेतला नाहीं. दोनच वर्षांनीं तेथील होल्डन व सहकाऱ्यांनीं आणखी एक प्रयोग केला. घरोघर जाणाऱ्या परिचारिकांना थोडें शिक्षण दिलें, आणि खिन्न मातांना आठवड्यास एक अशा आठ भेटी द्यावयास सांगितलें. भेटींत उपदेश करावयाचा नाहीं, ऐकावयाचें. ज्यांचें असें ऐकलें गेलें, त्या 26 पैकीं 18 जणी बऱ्या झाल्या. इतर 24 पैकीं 9. आम्हां उपदेश करणाऱ्या मंडळींस हे आंकडे जरा टोंचण्यासारखेच आहेत.

पण आपल्या घरांशीं अधिक जुळणारी हकीकत आहे ती पाकिस्तानांतील रावळपिंडी जिल्ह्याची. तेथील खेड्यांत घरोघर जाणाऱ्या सरकारी आरोग्यसेविका आहेत. त्यांस मानसशास्त्राची गंधवार्ता नव्हती. डॉ. अतीफ रहमान यांनीं त्यांना अवघ्या कांहीं दिवसांत एक पद्धति शिकविली. त्यांतील शहाणपण असें: ‘तुमच्या सुनेला मनाचा आजार आहे,’ असें म्हणून त्या उंबरा ओलांडीत नसत. ‘बाळ सुदृढ व्हावें’ एवढेंच त्या सांगत. नातवाच्या कल्याणाला कोणती सासू नाहीं म्हणेल? दार उघडे, मग सून, तिची प्रकृति, तिचें मूल व तिच्या भोंवतीचीं माणसें यांविषयीं बोलणें सुरूं होई, आणि ‘माझ्या हातून कांहींच होणार नाहीं’ हा विचार हळूहळू सैल केला जाई. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यापासून पुढें दहा महिने अशा सोळा भेटी होत.

या प्रयोगाचा वृत्तांत 2008 सालीं प्रसिद्ध झाला. एकंदर 903 खिन्न माता त्यांत होत्या. सहा महिन्यांनीं, या पद्धतीनें भेटी मिळालेल्यांपैकीं शेंकडा 23 जणींची खिन्नता उरली होती. दुसऱ्या गटांत शेंकडा 53. ध्यानांत घ्यावें कीं, दुसऱ्या गटांतील बायकांकडेहि आरोग्यसेविका तितक्याच वेळां गेल्या होत्या. दार तेंच, पायऱ्या त्याच, फेऱ्या तितक्याच. फरक होता तो बसून काय बोललें गेलें याचा. मुलांच्या वजनांत व उंचींत मोठा फरक पडला नाहीं, पण त्यांना हगवणीचा त्रास कमी झाला, लसी अधिक टोंचल्या गेल्या, आणि आईबापें दोघेंहि मुलाशीं अधिक खेळूं लागलीं.

आपल्या बाजूलाहि हें दुःख नाहीं असें कोणी समजूं नये. गोव्यांतील एका जिल्हा रुग्णालयांत झालेल्या आणि 2002 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा 23 माता खिन्न आढळल्या. कारणांत दारिद्र्य होतें, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगा हवा असतां मुलगी झाली हेंहि होतें. नंतर तेथें रावळपिंडीची पद्धति शेजारपाजारच्या बायकांच्या हातीं देऊन पाहिली. सहा महिन्यांनीं त्या गटांत शेंकडा 73 जणी बऱ्या झाल्या होत्या, दुसऱ्या गटांत 60. फरक माफकच, पण ज्यांनीं तो घडविला त्या वैद्य नव्हत्या.

आपल्याकडे गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं नवजातांसाठीं घरभेटींची जी रीत सिद्ध केली, तिच्या आधारावर 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरीं जातात. दवाखान्यांत प्रसूति झाली असल्यास सहा वेळां, घरीं झाली असल्यास सात वेळां. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशीं. बाळाचें वजन होतें, ताप पाहिला जातो.

बाप्तिस्म्याची तारीख ठरवावयास आमच्याकडे साधारण त्याच सुमारास कोणीतरी येतें. मीं नेहमीं विचारतों तें बाळाचें नांव आणि धर्मपित्याचें नांव. येणारा बहुधा बाप असतो, नाहींतर आजी. आई घरींच असते.