पडद्यावरचा फेरीवाला : करमणूक खरी, दावे किती खरे?

रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले असतात. मालिका संपलेल्या असतात, बातम्यांची उजळणी सुरू झालेली असते आणि वाहिन्या बदलता बदलता बोट एका ठिकाणी थबकते. पडद्यावर एक गृहस्थ सुरीने पत्र्याचा डबा कापत असतो. पुढच्याच क्षणी त्याच सुरीने तो पिकलेल्या टोमॅटोची कागदासारखी पातळ चकती काढून दाखवतो. शेजारी उभी असलेली बाई आश्चर्याने तोंडावर हात ठेवते. तिचे ओठ इंग्रजी बोलतात आणि आवाज मात्र हिंदीत येतो. घरात सुऱ्यांची वानवा नसते, तरीही पाहणारा जागचा हलत नाही. 'टेलिशॉपिंग'च्या जाहिरातींचे हे सामर्थ्य नव्वदीच्या दशकापासून मराठी घरांनी अनुभवले आहे. त्या पाहण्यात मौज आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की घरी आलेले खोके उघडल्यावर ती मौज टिकते काय?

जत्रेतून छोट्या पडद्यावर

या दीर्घ जाहिरातींना अमेरिकेत 'इन्फोमर्शिअल' म्हणतात. माहितीपर कार्यक्रमाचा पोशाख घातलेली जाहिरात, असा त्याचा अर्थ. तिची प्रचलित लांबी साडेअठ्ठावीस मिनिटे, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाइतकीच. १९८४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेवरची बंधने उठवली आणि या प्रकाराला बहर आला. रात्री उशिराची, प्रेक्षक कमी असलेली वेळ वाहिन्या स्वस्तात विकू लागल्या. विक्रेत्यांना ती पुरेशी होती, कारण जाहिरात किती जणांनी पाहिली यापेक्षा ती पाहून किती फोन खणखणले, यावरच त्यांचा हिशेब चालतो.

ही कला मात्र त्याहून जुनी आहे. तिचे सर्वांत गाजलेले नाव म्हणजे रॉन पोपील. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवरील बाजारात उभे राहून, ओरडून आणि चिरून दाखवून स्वयंपाकघरातील उपकरणे विकत त्यांनी सुरुवात केली. वडील सॅम्युएल यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेले भाजी चिरण्याचे 'व्हेज-ओ-मॅटिक' हे यंत्र दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचले. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पोपील यांचे २०२१ मध्ये निधन झाले. मुंबईच्या लोकलमध्ये काकडी किसून दाखवणारा किंवा जत्रेत गाजराची फुले करून किसणी विकणारा फेरीवाला हा त्यांचाच व्यवसायबंधू. फरक इतकाच, की फेरीवाल्याला पुढच्या स्थानकावर उतरावे लागते. पडद्यावरचा विक्रेता रोज रात्री त्याच उत्साहाने परत येतो.

भारतात खासगी उपग्रह वाहिन्या स्थिरावल्या आणि टेलिब्रँड्स, एशियन स्काय शॉप ही नावे घरोघरी परिचित झाली. २००८ मध्ये 'होमशॉप१८' ही केवळ खरेदीला वाहिलेली वाहिनी सुरू झाली. या साऱ्या जाहिरातींचा साचा जवळपास एकच असतो. आधी एखादी साधी अडचण भयंकर करून दाखवायची, मग वस्तूचे आगमन, मग समाधानी ग्राहकांची साक्ष, मग किंमत पायरीपायरीने उतरवणे, सोबत एक वस्तू मोफत आणि अखेरीस कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही कीर्तनातले ठरलेले आख्यान जसे रंगते, तशीच ही जाहिरात रंगते.

जे दिसते, ते बहुतेक खरे

या वस्तूंच्या दाव्यांची छाननी केली, तर एक ढोबळ नियम हाती लागतो. कॅमेऱ्यासमोर जे प्रत्यक्ष करून दाखवता येते, ते बहुधा खरे असते, फक्त फुगवलेले. जे नुसते सांगितले जाते, तेथे सावध व्हावे.

सुरीचेच पाहू. १९७८ मध्ये अमेरिकेत अवतरलेल्या 'गिन्सू' सुरीने डबा आणि टोमॅटो कापण्याची ही प्रथा लोकप्रिय केली. जपानी वाटणारे हे नाव जाहिरातदारांनी रचलेले होते. सुरी तयार होत होती ओहायो राज्यात. पण ती कापत होती, यात खोटे काही नव्हते. दातेरी पात्याचे टोकदार दात कठीण पृष्ठभागाचा मार सोसतात आणि दातांमधल्या खाचांची धार सुरक्षित राहते. डब्याचा पत्राही पातळच असतो. म्हणूनच त्यानंतर टोमॅटोची साल सहज कापली जाते. चमत्कार पोलादाचा नाही, पात्याच्या आकाराचा आहे, आणि बाजारातली साधी दातेरी सुरीही तो करू शकते.

दाढीवाले बिली मेज ज्या खणखणीत आवाजात विकत, ती 'ऑक्सिक्लीन' पावडरही अशीच. तिच्यातील सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळले की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटा होतो. चहा, फळांचा रस यांचे डाग त्याने फिके होतात. मात्र पडद्यावर क्षणात घडते ते घरच्या बादलीत कोमट पाण्यात बराच वेळ भिजवल्यावर घडते. या उत्पादनाचा दर्जा इतपत होता, की २००६ मध्ये चर्च अँड ड्वाइट या मोठ्या कंपनीने ते बनवणारी कंपनी ३२.५ कोटी डॉलरना विकत घेतली.

मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन यांच्या नावाची विजेची ग्रिल १९९४ मध्ये आली. तिचा तवा उतरता असल्याने मांसातील चरबी वितळून पुढच्या ताटलीत जमा होते. हे डोळ्यांना दिसते आणि खरेही असते. जगभर १० कोटींहून अधिक ग्रिल विकल्या गेल्या आणि १९९९ मध्ये केवळ फोरमन यांचे नाव वापरण्याच्या हक्कासाठी साल्टन कंपनीने सुमारे १३.७५ कोटी डॉलर मोजले.

जे सांगितले जाते, ते तपासावे

स्वयंपाकघरातून जाहिरात शरीराकडे वळली, की चित्र पालटते. पोटाला पट्टा बांधा, सोफ्यावर बसा आणि बारीक व्हा, हे आश्वासन भारतीय प्रेक्षकांच्याही चांगलेच परिचयाचे आहे. विजेचे सौम्य झटके देणाऱ्या अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २००२ मध्ये कारवाई सुरू केली. झटक्याने स्नायू आकुंचन पावतात, हे खरे. त्याने चरबी घटते आणि कसलेल्या पोटाच्या वळ्या उमटतात, याला आधार नव्हता.

त्याच वेळी आलेल्या 'एबी फोर्स' पट्ट्याचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. भारतीय स्थलांतरितांचे पुत्र ए. जे. खुबानी यांच्या टेलिब्रँड्स या अमेरिकी कंपनीने तो विकला. त्याच्या जाहिरातीत वजन घटते असे थेट म्हटलेलेच नव्हते. दिसत होती ती सडपातळ शरीरे, थरथरणारे पोट आणि इतर पट्ट्यांचा उल्लेख. २००५ मध्ये आयोगाने निर्वाळा दिला, की नाव आणि चित्रांतून जे सुचवले जाते, तोही दावाच होय.

'एबी सर्कल प्रो' या व्यायामाच्या यंत्राने तीन मिनिटांत शंभर उठाबशांइतका लाभ आणि दोन आठवड्यांत दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो घट, असे सांगितले होते. २०१२ मधील तडजोडीत विक्रेत्यांना ग्राहकांसाठी दीड ते अडीच कोटी डॉलरचा परतावा कबूल करावा लागला. वेदना पळवणारे म्हणून विकलेले 'क्यू-रे' हे 'आयनीभूत' कडे तर आयनीभूतही नव्हते. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये त्याच्या विक्रेत्यांविरुद्धचा निकाल कायम केला.

आपल्याकडे गाजलेल्या घामाच्या पट्ट्याचे गणितही सोपे आहे. एक लिटर घाम गेला, की काटा एक किलो कमी दाखवतो. दोन-तीन तांबे पाणी प्यायले, की तो पूर्वस्थितीला येतो. बाहेरून ऊब दिल्याने पोटावरची चरबी तुपासारखी वितळत नाही. येथे नुकसान केवळ पैशांचे नसते. गुडघेदुखी, मधुमेह किंवा लठ्ठपणाचा रुग्ण अशा वस्तूवर विसंबून उपचार लांबणीवर टाकतो, ही खरी हानी आहे.

श्रद्धेचा बाजार आणि न्यायालय

तिसरा प्रकार आणखी गंभीर आहे. यंत्रे, कवच, रुद्राक्ष यांच्या जाहिरातींत धंदा वाढल्याच्या, लग्न जमल्याच्या साक्षी देणारी माणसे दिसतात. येथे कॅमेऱ्यापुढे सिद्ध करण्याजोगे काहीच नसते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. देवाचे नाव जोडून, चमत्कारिक गुणांचा दावा करीत यंत्र किंवा तत्सम वस्तू विकणारी दूरचित्रवाणीवरील जाहिरात बेकायदा ठरवण्यात आली. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबईत कक्ष स्थापन करण्याचा आदेशही न्यायालयाने दिला.

'आजच्या आज'चे रहस्य

काही वेळा वस्तू चांगली असते, पण सवलत फसवी निघते. बाह्या असलेल्या 'स्नगी' या पांघरुणाची विक्रेती ऑलस्टार कंपनी 'एकावर एक मोफत' सांगून दोन्हींचा हाताळणी खर्च वसूल करीत असल्याचा आक्षेप होता. २०१५ मध्ये कंपनीने ८० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये 'नापतोल'ला १० लाख रुपये दंड केला. दागिन्यांचा संच, गुडघ्याचा चुंबकीय पट्टा आणि अॅक्युप्रेशर चपला यांच्या जाहिराती थांबवण्याचा आदेश झाला. आधी चित्रित केलेला कार्यक्रम तसा असल्याचे पडद्यावर सांगावे आणि आत्ता न घेतल्यास वस्तू मिळणार नाही, असा कृत्रिम तुटवडा भासवू नये, असेही प्राधिकरणाने बजावले. कोपऱ्यातल्या त्या घड्याळाचे रहस्य यातच आहे. तेच घड्याळ आता मोबाइलवरील खरेदीत टिकटिकते. २०२३ मध्ये केंद्राने ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत 'खोटी घाई' हीदेखील आहे.

ग्राहकाने काय करावे?

* दावा प्रत्यक्ष दाखवला जात आहे की केवळ साक्षीदारांच्या तोंडून ऐकवला जात आहे, हे आधी पाहावे.
* पाठवणीचा खर्च, परतीची मुदत आणि परतीचा टपालखर्च कोणाकडे, हे फोनवरच विचारून घ्यावे. 'पैसे परत'च्या हमीतून हे खर्च अनेकदा वगळलेले असतात.
* बिल, खोके आणि वस्तूची छायाचित्रे जपून ठेवावीत. खोके उघडताना चित्रफीत करावी.
* तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.
* दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही यातून सूट नाही.

राहता राहिली मौज. ती फुकट आहे आणि तिला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. डबा कापणारी सुरी, डाग खाणारी पावडर, तोंडावर हात ठेवणारी बाई, सारे खुशाल पाहावे. फोन मात्र सकाळपर्यंत बाजूला ठेवावा. सकाळी चहा घेतानाही त्या वस्तूची गरज वाटत असेल, तर ती उद्या रात्रीही त्याच 'आजच्या' किमतीला मिळेल, याची खात्री बाळगावी.