इंदूर पद्धतीचे खत

आपल्या शहराचे नाव जगभरच्या कृषिग्रंथांत एका खतामुळे पोहोचले, हे इंदूरकरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असावे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. तिचे मुख्य काम कापसाचे. पण संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांची धारणा अशी की, जमीनच उपाशी असेल तर सुधारलेले बियाणे फारसे कामाचे नाही.

शेण तर गोवऱ्या होऊन चुलीत जात होते. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे सोपे होते. पण त्याने सरपण आणायचे कोठून? तेव्हा थोडे शेण पुष्कळ काडीकचऱ्याला पुरवावे, हा मार्ग इंदुरात निघाला. चीनमधील शेतकऱ्यांचा जुना अनुभव हॉवर्ड यांच्यापुढे होताच. कपाशीच्या पऱ्हाट्या व तुरीच्या काठ्या कुजता कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्ड्यात पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि राख यांचे थर देत. तीन वेळा उलथापालथ केली की तीन महिन्यांत खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचे, म्हणून ढीग जमिनीवरच रचीत.

१९३१ साली या प्रयोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. हे आडनाव या सभागृहाला परके वाटणार नाही. पुढे हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक गणले गेले; वाड मात्र तळटीपेत राहिले. मला हे अन्यायाचे वाटते.

या खताने एकट्याने वाढत्या देशाची भूक भागवली असती, असे मी म्हणणार नाही. १९६० नंतरच्या धान्यवाढीत रासायनिक खतांचा वाटा मोठा आहे. शिवाय ही पद्धत दारात बैल आणि हाताशी माणसे गृहीत धरते. माळव्यात सोयाबीन पसरले, ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत गेले. आज याच परिसरात गव्हाची कापणी यंत्राने होते आणि मागे उरलेली नरवाई, बंदी असतानाही, अनेक ठिकाणी उभ्या शेतातच पेटवली जाते. वाड यांच्या खड्ड्यात तिला जागा होती.