काष्ठातील अक्षर : नाशिकच्या सुतारविद्येतील एक विस्मृत प्रकरण

अक्षर म्हणजे जे झडत नाही ते, अशी या शब्दाची व्युत्पत्ती आपण ऐकत आलो आहोत. लाकूड मात्र झडते. त्यास वाळवी लागते, आग लागते, पावसाने ते कुजते, आणि घर पडले म्हणजे सरपणात जाते. यामुळेच शिलालेखांचा व ताम्रपटांचा अभ्यास विद्वानांनी मोठ्या आस्थेने केला, पण काष्ठलेखांकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले. आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे. दगडावरील अक्षर पाथरवटाचे, तांब्यावरील तांबटाचे. लाकडावरील अक्षर मात्र सुताराचे.

लाकडावर अक्षर कोरण्याची कला आपल्या प्रांतात किती जुनी आहे, याचा पुरावा सुदैवाने उपलब्ध आहे. मळवलीजवळील भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात. त्याच्या कमानदार छतास आतून लाकडी फासळ्या बसविलेल्या असून त्या अद्याप जागेवर आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास या लाकडांवर ब्राह्मी लिपीतील दोन लहान लेख आढळले. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या कारागिराची पटाशी लाकडाच्या तंतूंतून कशी फिरली, हे तेथे आजही दिसू शकते.

तेथून जवळच असलेल्या कार्ले येथील लेण्यात तर आपला पूर्वज नावानिशी भेटतो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील एका लेखात धेनुकाकट येथील वढकी सामी, वेणुवासाचा पुत्र, याने ते द्वारमुख घडविल्याचा उल्लेख आहे. वढकी म्हणजे संस्कृतातील वर्धकि, आणि उत्तर हिंदुस्थानातील आजचा बढई. दगडाच्या कामावर सुताराचे नाव का असावे, असा प्रश्न कोणी विचारील. ज्याने लेण्याचे दर्शन घेतले आहे त्यास उत्तर सांगावे लागत नाही. तेथील कमान, वासे व जाळी सर्व काही लाकडी बांधणीची प्रतिकृती आहे. लाकूड जाणणाऱ्यावाचून ते काम साधणारे नव्हतेच.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यातही हीच गोष्ट आहे. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाचे दर्शनी काम लाकडी घराच्या कमानीचे अनुकरण करते, आणि दारावरील लेखात नाशिककरांपैकी धंभिक गावाने दिलेल्या दानाची नोंद आहे. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८ व्या राज्यवर्षाचे आज्ञापत्र कोरलेले असून, ती पट्टिका तापस नावाच्या इसमाने केली असे शेवटी म्हटले आहे. राजाच्या लेखात करणाऱ्याचेही नाव यावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे असे क्वचितच घडले.

पेशवाईत नाशिकचे वैभव वाढले. नारोशंकराचे देवालय १७४७ मध्ये, सुंदरनारायणाचे १७५६ मध्ये झाले. काळारामाचे काम १७८२ च्या सुमारास सुरू होऊन सुमारे बारा वर्षे चालले. देवालये दगडाची, पण वाडे लाकडाचे. गोदाकाठचा सरकारवाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि जुन्या नाशकातील गल्लीबोळांतील कित्येक खाजगी वाडे यांमध्ये खांब, तुळया, हस्त, महिरपी व चौकटी यांचे जे काम दिसते, ते आपल्या ज्ञातीच्या हातचे. दरवाज्यावरील गणेशपट्टीत मध्यभागी गजानन, दोहों बाजूंस वेलबुट्टी, आणि पुष्कळदा ‘श्री’ किंवा धन्याच्या कुलदैवताचे नाव. देवाचे नाव आले, धन्याचे नाव आले, क्वचित शकही आला. कोरणाऱ्याचे नाव मात्र आले नाही. बलुत्याच्या व्यवस्थेत सुतार थोरल्या कासेत गणला जाई, म्हणजे मान होता. परंतु मान निराळा आणि नाव निराळे.

आता ही विद्या शिकत कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपल्या तरुण मंडळींस ती नुसती हौस वाटते, परंतु तिच्यात शास्त्र आहे.

प्रथम लाकडाची परीक्षा. शिसवाचे लाकूड घट्ट, त्यावर बारीक कडा टिकते. सागवान त्याहून सोपे, परंतु त्यातील वाळूसारख्या कणांमुळे हत्याराची धार लवकर जाते. म्हणून सागावर शिकणाऱ्याचा अर्धा वेळ धारेच्या दगडापाशी जातो, आणि तसा तो जावाच. ओल्या लाकडावर कोरलेले अक्षर लाकूड सुकल्यावर वाकडे होते. तंतू ओळखणे हा दुसरा पाठ. तंतूच्या दिशेने पटाशी चालविली तर ती हवी त्यापेक्षा पुढे धावते व कपची उडते. आडवी चालविली तर थांबते, पण जोर अधिक लागतो.

येथेच देवनागरीची गंमत आहे. पाटी आडवी असली म्हणजे तिचे तंतूही आडवे, आणि आपली शिरोरेघही आडवी. रेघेची खोच तंतूंना समांतर पडल्याने लाकूड तेथेच फाटू पाहते. म्हणून अगोदर अक्षरांचे उभे दंड तंतू तोडून घ्यावे आणि रेघेच्या दोन्ही टोकांस आडवे छेद देऊन मगच रेघ काढावी, म्हणजे फाट पसरण्यास जागा राहत नाही. व आणि ब यांच्या पोटातील बेट ही दुसरी परीक्षा. ब च्या पोटातील तिरपी रेघ त्या बेटाचे दोन इवले तुकडे करते, आणि ते मोगरीच्या एका अधिक ठोक्याने उडून जातात. ज्याचा ब साधला त्यास पुढचे अवघड नाही. उठावाच्या अक्षरात हे उलट होते. तेथे अक्षर राखावयाचे व भोवतालची भूमी खाली न्यावयाची, आणि अनुस्वाराचा ठिपका शेवटपर्यंत सांभाळावयाचा.

या सर्वांच्या आधी बोरू. नागरी अक्षराचा जाड-बारीकपणा तिरप्या कापलेल्या बोरूच्या टोकातून आलेला आहे. ज्याने कित्ता गिरविला नाही त्याचे कोरीव अक्षर कितीही स्वच्छ असले तरी निर्जीव दिसते, असे आमचे मत आहे. येथेच आपल्या ज्ञातीची खरी अडचण होती. हात तयार, परंतु पाटी-पुस्तक दूर. भटजींनी किंवा कारकुनाने लिहून दिलेल्या अक्षरावरून काम करणारा कारागीर ते अक्षर वाचू शकत असेच असे नाही.

नाशिकशी निगडित असलेला या विषयातील एक प्रसंग दूर आफ्रिकेत घडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शहराजवळ शरणपूर येथे ख्रिस्ती मिशनची वसाहत झाली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस तेथे लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवीत. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७२ मध्ये प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मदतीस गेलेल्या तुकडीत होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी, आजच्या झांबिया देशात, लिव्हिंग्स्टन मरण पावला. अनुयायांनी त्याचे काळीज एका झाडाखाली पुरले, आणि जेकबने त्या झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंग्स्टनचे नाव, तारीख व सोबत्यांपैकी काहींची नावे कोरली. १८९९ मध्ये ते झाड तोडून लेखाचा भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यात आला. जेकब आपला ज्ञातिबांधव नव्हे, त्याचे अक्षरही रोमन. तथापि नाशकात शिक्षण घेतलेल्या हाताने लाकडात कोरलेल्या लेखांपैकी जगभर कीर्ती मिळालेला हाच, आणि त्यात सेवकांचीही नावे आहेत!

असो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९१ मध्ये रे कार्यशाळा निघाल्या व लाकूड-कोरीवकामास शाळेत स्थान मिळाले. ज्ञातीतील मुलास आता केवळ बापाच्या हाताखालीच शिकले पाहिजे असे उरले नाही. पण त्याच सुमारास गिऱ्हाईकही बदलत होते. रंगविलेली पत्र्याची पाटी स्वस्त पडू लागली. पुढे प्लॅस्टिकच्या व छापील कापडी फलकांनी तीही मागे टाकली.

जुन्या नाशकातील वाडे एकामागून एक उतरत आहेत. सरकारवाडा शासनाने संरक्षित केला हे ठीक झाले, परंतु खाजगी वाड्यांची गणेशपट्टी उतरविण्यास बहुधा आपलाच मिस्त्री बोलावतात. त्याने ती व्यापाऱ्यास देण्यापूर्वी लेखाचे छायाचित्र घ्यावे, पट्टीची मागील बाजू व सांध्यांच्या खाचा पाहाव्या. जोडणीसाठी केलेल्या खुणा व आकडे तेथेच सापडतात, आणि एखादे नावही सापडू शकेल.

अलीकडे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने घरांच्या नावाच्या पाट्या सागात कोरून मिळतात. काम झटपट होते व अक्षर एकसारखे येते. मात्र सपाट तळाचे काम करणारे यंत्राचे पाते गोल फिरते, त्यामुळे शिरोरेघ आणि दंड जेथे मिळतात तो आतला कोपरा गोलच राहतो. चोखंदळ गिऱ्हाईक असले म्हणजे कारखानदार ती पाटी बाजूस काढून एखाद्या जुन्या कारागिराकडे धाडतो, आणि तो पटाशीने एकेक कोपरा काटकोनात आणून देतो.