राजकारण विसरण्याची बाग

मनुष्य कसा लढला याचा इतिहास विपुल आहे. तो कसा रमला याचा मात्र फारच थोडा. राजांच्या तहनाम्यांस ग्रंथांत जी जागा मिळते ती लोकांच्या करमणुकीस मिळत नाही; कारण करमणूक म्हणजे निव्वळ कालापव्यय, अशी आम्हां विद्वान म्हणविणाऱ्यांची समजूत असते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हा प्रश्न डेन्मार्कच्या राजधानीतील, म्हणजे कोपनहेगनमधील, टिव्होली नावाची बाग पाहताना आमच्या मनात वारंवार उभा राहिला.

बाग शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाला अगदी लागून आहे. विस्तार सुमारे वीस एकरांचा. परंतु तेवढ्यात फुलांचे ताटवे, कारंजी, उपाहारगृहे, पाळणे आणि नाट्यगृहे अशी काही बसविली आहेत की, दाटी कोठेही जाणवू नये. मध्यभागी एक तळे आहे. ते शोभेसाठी मुद्दाम खणलेले नसून शहराच्या जुन्या तटाभोवती जो खंदक होता त्याचा अवशेष आहे. शत्रूस थोपविण्यासाठी साठविलेल्या पाण्यात आता दिव्यांची प्रतिबिंबे हलतात, हे पाहून इतिहासाच्या अभ्यासकास कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

या बागेचा जनक गेओर्ग कार्स्टेन्सेन हा एका डॅनिश राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा; जन्म १८१२ मध्ये अल्जीअर्स येथे झालेला. पॅरिसचे टिव्होली व लंडनचे व्हॉक्सहॉल या उद्यानांच्या धर्तीवर त्याने आपल्या बागेची योजना आखली आणि दोहोंची नावे जोडून तिचे नावही ठेवले. त्या वेळी डेन्मार्कात अनियंत्रित राजसत्ता होती. गादीवर आठवा ख्रिश्चन होता; ज्याच्या कारकिर्दीत, १८४५ मध्ये, तरंगमबाडी व बंगालातील श्रीरामपूर ही डॅनिश ठाणी ईस्ट इंडिया कंपनीस विकली गेली, तोच हा राजा. प्रजा करमणुकीत दंग असली म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाही, अशी मखलाशी करून कार्स्टेन्सेनने त्याच्याकडून पाच वर्षांची सनद मिळविली, असे सांगतात. १५ ऑगस्ट १८४३ रोजी बाग लोकांस खुली झाली.

राजाचा हिशेब चुकला. बागेस पुरती पाच वर्षे होण्यापूर्वीच, मार्च १८४८ मध्ये, कोपनहेगनचे नागरिक मिरवणुकीने राजवाड्यावर गेले. नव्या राजाने अनियंत्रित सत्ता सोडली आणि ५ जून १८४९ रोजी देशास राज्यघटना मिळाली. बागेने ही क्रांती घडविली, असे म्हणणे अर्थातच हास्यास्पद होईल. तथापि दारावर पैसे दिले की सरदार आणि दुकानदार यांनी एकाच वाटेने चालावे, लुम्बीच्या वाद्यवृंदाचे तेच सूर दोघांनी शेजारी उभे राहून ऐकावे, ही सवय जन्मसिद्ध अधिकारभेदास पोषक नव्हती, इतके आम्ही निःशंकपणे म्हणतो. जेथे माणसे एकत्र हसतात तेथे ती परस्परांस ओळखू लागतात. आणि परस्परांस ओळखणारी प्रजा फार काळ मुकी राहत नाही.

मुकेपणावरून तेथील मूकनाट्यगृहाचे स्मरण होते. विल्हेल्म डालेरूप या वास्तुशिल्पकाराने ते १८७४ मध्ये चिनी पद्धतीने बांधले. पडद्याऐवजी तेथे एक भव्य मोर असून त्याचा पिसारा दुभंगला की खेळ दिसू लागतो. विदूषक, प्रेयसी आणि फजीत होणारा म्हातारा एवढ्यांवर कथानक चालते. डॅनिश भाषेचा गंध नसलेल्या आम्हांसही ते सुबोध झाले. जवळच १९१४ मधील लाकडी घसरगाडी आहे. तिच्या डब्यांबरोबर एक ब्रेकवाला अजूनही स्वतः बसून जातो.

बागेचे खरे महत्त्व मात्र तिच्या वैऱ्यांनी ओळखले. जर्मन अंमलात शहरात काळोख सक्तीचा झाला, तेव्हा पौल हेनिंगसेनने १९४१ मध्ये असे दिवे योजिले की, त्यांचा उजेड जमिनीवर पडावा, पण विमानातून दिसू नये. लोक येतच राहिले. जून १९४४ मध्ये एका रात्री जर्मनांच्या बाजूच्या डॅनिश शालबुर्ग पथकाने, गुप्त प्रतिकाराचा सूड म्हणून, स्फोट घडवून संगीतगृहासह कित्येक इमारती जाळल्या. ज्या जागी केवळ हसणे-खेळणे चालते ती जाळावीशी का वाटावी? कारण राष्ट्राचा आनंद हाही त्याचा एक किल्लाच असतो, हे आग लावणारे जाणून होते. लोकांनी तात्पुरते तंबू ठोकून काही आठवड्यांतच बाग पुन्हा सुरू केली. नवे संगीतगृह १९५६ मध्ये उभे राहिले.

कार्स्टेन्सेनला हे काहीच पाहावयास मिळाले नाही. चालकांशी बेबनाव होऊन तो बागेतून बाहेर पडला आणि १८५७ मध्ये वारला. टिव्होली कधीच पुरी होणार नाही, असे तो म्हणत असे. पुरे न होणे हे बागेच्या बाबतीत दूषण नव्हे. ज्या करमणुकीने प्रजेस राजकारण विसरावयाचे होते तिनेच तिला एकत्र येण्याचे स्थान दिले. तेव्हा लोकांच्या रमण्याचा इतिहास हा त्यांच्या स्वातंत्र्याच्या इतिहासातून वगळण्याजोगा नाही, असे आमचे मत झाले आहे.